छातीवर दिवा असलेला पाणबुड्या

आई गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. हे लक्षात यायलाच मला बरेच महिने लागले. मी इंदूरचा. कंपनीत हिंदी, कंपनीच्या बसमध्ये हिंदी, सोसायटीत हिंदी, भाजीवाल्याशी तर हिंदीच. मराठी फक्त आईशी होतं. तेही आमचं इंदुरी मराठी, ज्यात निम्मे शब्द हिंदीचे असतात आणि क्रियापदं तेवढी आपली. एक दिवस कुकरची शिट्टी झाली तेव्हा गॅस बंद करताना मी मोठ्यानं म्हणालो, "झालं गं." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ते आणखीच विचित्र वाटलं.

मी बेटम्याजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. गोळ्यांच्या पट्ट्या तपासतो. फॉइल नीट चिकटलंय का, एखादा कप्पा रिकामा तर राहिला नाही, छापलेली अक्षरं पुसट तर नाहीत. दोष शोधायचे पैसे मिळतात असं आई पाहुण्यांना सांगायची, आणि वर म्हणायची, "घरी पण तेच करतो." लग्न राहून गेलं. त्याची काही मोठी गोष्ट नाही. आधी नोकरी पक्की नव्हती, मग आईचं आजारपण सुरू झालं, आणि मग लोकांनी विचारणंच बंद केलं.

आई गेली त्या वर्षी मी पहिली ॲक्शन फिगर मागवली. ॲक्शन फिगर म्हणजे वीतभर उंचीची प्लास्टिकची बाहुली. कार्टूनमधल्या एखाद्या योद्ध्याची, हातापायांचे सांधे हलणारी. ती मुलांसाठी नसते. माझ्यासारख्या वय वाढलेल्या माणसांसाठी असते, जी तिच्याशी खेळत नाहीत, कपाटात उभी करून ठेवतात. मी का मागवली, मला नीट सांगता येणार नाही. आईची औषधं, डायपर, दलिया हे सगळं मागवायची सवय लागली होती. ते थांबलं, आणि दारावरची बेल वाजायचीच बंद झाली.

फिगर आली तेव्हा मी ती आईच्या खोलीतल्या खिडकीशी नेली, कारण घरात उजेड तिथंच चांगला येतो. उलटसुलट करून पाहिली. डाव्या खांद्यावर रंग ओघळलेला होता. मी सवयीनं म्हणालो, "हे बघ, इथं रंग उतू गेलाय." मग वाटलं, कुणाला दाखवतोय आपण? त्यातूनच मोबाईल उभा करून व्हिडिओ करायची कल्पना निघाली. पोहे ठेवायचे दोन डबे एकावर एक, त्याला टेकून मोबाईल, पाटावर पांढरा कागद, आणि कागदावर फिगर. रविवारी सकाळी बसायचं आणि मराठीत बोलायचं. सांधे कसे आहेत, रंगकाम कसं आहे, चेहरा जमलाय का, उभी राहते की पडते. माझा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात.

बघणारे अगदी मोजके. त्यातल्या पुण्याच्या एका माणसानं खाली लिहिलं होतं, "तुम्ही मराठी आहात, की हिंदी लोक मराठी शिकून बोलतात तसं आहे हे?" मी उत्तर दिलं, "भिया, इंदूरचा आहे." भिया म्हणजे आमचा इंदुरी भैया. त्यानं हसरा चेहरा पाठवला. पुढं तो प्रत्येक व्हिडिओखाली काही ना काही लिहायला लागला. मी सोमवारी बसमध्ये बसलो की आधी ते वाचायचो.

तर असं तीनेक वर्षं चाललं होतं, आणि मग पाणबुड्या निघाला.

मी लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी कार्टून लागायचं, हिंदीत आवाज दिलेलं. समुद्राच्या तळाशी राहणारा एक पाणबुड्या. डोक्यावर तांब्याचं गोल शिरस्त्राण, त्याला पुढं जाळीची खिडकी, आणि छातीवर दिवा. कुणी बुडालं, कुणी गुहेत अडकलं, कुणाचं जहाज फुटलं, की हा खाली काळोखातून दिवा घेऊन यायचा. फारसं बोलायचा नाही. "घबराओ मत, मैं आ गया हूँ," एवढंच. इंदूरपासून समुद्र किती लांब आहे, ते नकाशा काढून बघा. आमच्या गल्लीतल्या कुणीही तो पाहिलेला नव्हता. पण सगळ्या पोरांना समुद्राच्या तळाशी काय असतं ते पक्कं ठाऊक होतं.

हे कार्टून मी सोडून कुणाला आठवतं की नाही, अशी मला शंका यायची. ऑफिसात विषय काढला की लोक दुसऱ्याच कार्टूनांची नावं घ्यायचे. म्हणून परदेशातली एक कंपनी त्याची फिगर काढते आहे असं वाचलं, तेव्हा मी बसमध्ये चक्क उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, "क्या हुआ भिया, स्टॉप तो दूर है." मी पुन्हा बसलो.

ती यायला फार वेळ लागला. आधी तारीख पुढं गेली, मग बोटीत अडकली, मग मुंबईत अडकली. शेवटी एका शनिवारी दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला, "भिया, नीचे आ जाओ, डब्बा बड़ा है." मी खोका वर आणला आणि उघडला नाही. रविवारची वाट पाहिली. उजेड हवा होता. आणि खरं सांगायचं तर रविवारच हवा होता.

सकाळी मी खोका कॅमेऱ्यासमोरच कापला. फिगर हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वजन. शिरस्त्राण धातूचं होतं, प्लास्टिकचं नव्हतं. जाळीच्या मागं चेहरा होता, तो टीव्हीवर कधीच दिसला नव्हता. कंपनीनं तो स्वतःच्या मनानं केला होता. थकलेला, दाढी वाढलेला. मी म्हणालो, हे मला पसंत नाही. जे दाखवलं नव्हतं ते कशाला दाखवायचं. मग दोष सांगितले. जाळीच्या कडेला तांबडा रंग बाहेर आलाय. डाव्या हातमोज्यावर साच्याची रेघ राहिलीय. उजवा गुडघा ढिला आहे, त्यामुळं उभा केला की हळूहळू झुकतो. दिव्याला पाठीमागं बटण आहे. बटण दाबलं. दिवा लागला, पिवळसर, अगदी तस्साच.

इथं मी व्हिडिओ संपवायला हवा होता. पण मी बोलतच राहिलो.

मी सांगितलं की, माझा पहिला पाणबुड्या हा नाही. आम्ही छत्रीबागेत भाड्यानं राहायचो, दोन खोल्यांत. आमच्याकडं टीव्ही नव्हता. खाली घरमालकांकडं होता आणि रविवारी त्यांचं दार सगळ्यांना उघडं असायचं. मी माझ्या दादाबरोबर जायचो. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो पाठीशी असायचा आणि मी त्याच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसायचो. मग एकदा दादानं मला पाणबुड्या बनवून दिला. मिलमधली लाकडी बॉबिन असते ना, जिच्यावर सूत गुंडाळतात, तिचं धड. वर एक लाकडी मणी, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, ते शिरस्त्राण. हातपाय तारेचे, वरून दोरा गुंडाळलेले. आणि छातीवर टॉर्चचा छोटा बल्ब, लाखेनं चिकटवलेला. तो लागायचा नाही. पण मला तो लागलेलाच दिसायचा. तो पाणबुड्या घर बदलताना कुठंतरी हरवला. मी म्हणालो, "मेरे दादाने बनाया था," आणि हिंदीत गेलो हे लक्षात आल्यावर पुन्हा मराठीत म्हणालो, "माझ्या दादानं केला होता. त्याला एकपण सांधा नव्हता, आणि तो कधी पडला नाही."

व्हिडिओ टाकला आणि त्याची लिंक दादाला पाठवली.

दादा हैदराबादला असतो. मी बारा वर्षांचा असताना तो नोकरीला बाहेर पडला, आणि बदल्या होत होत तिकडेच स्थिरावला. वहिनी तिकडची. दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन येतो. आई होती तोवर दर आठवड्याला यायचा, पण तो आईला यायचा. आई शेवटी म्हणायची, "घे, याच्याशी बोल," आणि मी विचारायचो, "काय म्हणतोस?" तो म्हणायचा, "बस, मजेत." आमच्यात भांडण कधीच झालं नाही. भांडायला जेवढं जवळ असावं लागतं, तेवढे आम्ही नव्हतो. पण माझ्या मनात दादा म्हटलं की तो बॉबिनचा पाणबुड्या यायचा, आणि मला वाटायचं, ठीक आहे, एवढं तर आहे.

त्यानं मेसेज पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही आलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. पुण्याच्या माणसानं लिहिलं, "आजवरचा सगळ्यात चांगला रिव्ह्यू. दादांना नमस्कार सांगा." मी दादाला तेही पाठवलं. त्यालाही उत्तर नाही. मला वाटलं, त्याला आवडलं नसेल. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर.

पुढच्या रविवारी सकाळी फोन आला. मी चहा गाळत होतो.

"पाहिला तुझा व्हिडिओ," दादा म्हणाला.

"सगळा?"

"सगळा. दोनदा." मग थोडं थांबून म्हणाला, "चांगलं बोलतोस रे. आईसारखं. मधे मधे थांबून."

"मग पाणबुड्या आठवला की नाही?"

"सुन," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तो मी नव्हतो."

मला कळलंच नाही. "काय तू नव्हतास?"

"ज्यानं तुला तो बनवून दिला, तो मी नव्हतो. ते बाबा होते."

मी हसलो. "काहीतरीच काय, दादा. मला स्वच्छ आठवतंय. आपण खाली जायचो, मी तुझ्या पायाशी बसायचो..."

"रविवारी सकाळी मी घरी असायचो का? शाळेत एनसीसीची परेड असायची माझी. खाकी कपडे घालून उजाडताच निघायचो ते जेवायलाच यायचो. मी ते कार्टून एकदाच पाहिलंय, ताप होता म्हणून घरी राहिलो होतो तेव्हा. मतलब, मी तुझ्याबरोबर बसून कधी टीव्ही पाहिलाच नाही."

मी पातेलं खाली ठेवलं.

"आणि बॉबिन," तो म्हणाला, "मला बॉबिन कुठून मिळणार होती? मिलच्या गेटमधून मला आत तरी सोडलं असतं का?"

बाबा मिलमध्ये होते. कताई खात्यात हजेऱ्या घ्यायचे. मी त्या व्हिडिओत स्वतःच्या तोंडानं मिलची बॉबिन म्हणालो होतो, आणि जन्मभर म्हणत आलो होतो. दोष शोधणं हे माझं काम आहे. हा मला कधी दिसला नाही.

मी सहा वर्षांचा असताना बाबा काविळीनं गेले. माझ्याकडं त्यांच्या अगदी थोड्या आठवणी आहेत. सायकलच्या दांडीवर बसवून नेताना त्यांचा श्वास माझ्या डोक्यावर यायचा, ती एक. दाढीचा साबण माझ्या नाकाला लावला, ती एक. दवाखान्याच्या खिडकीतून त्यांनी हात हलवला होता, तीही आहे, पण ती माझी आहे की आईनं सांगितलेली, मला माहीत नाही. एवढंच. कुणी वडलांविषयी बोलायला लागलं की मी नेहमी म्हणायचो, मला काही आठवत नाहीत ते.

"मग तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा.

"सांगतो ना. बाबा गेल्यावर तू काही दिवस त्यांना शोधायचास. जिन्यावर जाऊन बसायचास. मग हळूहळू बंद झालं. आणि मग एक दिवस तू शेजारच्या काकूंना तो पाणबुड्या दाखवत म्हणालास, हा माझ्या दादानं केलाय. मी तिथंच होतो. मी म्हणणार होतो की नाही रे, बाबांनी. तर आईनं मला आत बोलावलं. म्हणाली, राहू दे. दादा म्हणतोय ना, म्हणू दे. दादा समोर तरी आहे."

चहा गाळणीतच राहिला होता.

"मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा," दादा म्हणाला. "मला पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. तू सगळीकडं सांगत फिरायचास. नंतर राहूनच गेलं. आई असेपर्यंत तिनं सांगायचं होतं. आता व्हिडिओ बघितला, पूरी दुनिया के सामने तू मला धन्यवाद देतोयस, तर मला झोप नाही आली."

"बाबा कसे बसायचे तिथं?" मी विचारलं.

"बसायचे नाहीत. दारात उभे राहायचे. दुसऱ्याच्या घरी बसायला लाजायचे ते. चौकटीला टेकून उभे, आणि तू त्यांच्या पायांच्या पंज्यांवर बसलेला. दोन्ही पंज्यांवर, स्टुलासारखा. मी तापात होतो त्या दिवशी जिन्यावरून पाहिलं. पाय अवघडले असतील त्यांचे, पण हलले नाहीत."

त्यानंतर आम्ही आणखी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवताना त्यानं विचारलं, "व्हिडिओ काढणार का?" मी म्हणालो, "बघतो." तो म्हणाला, "राहू दे. कुणाला काय फरक पडतो."

मला पडत होता. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. आईच्या खोलीत पाटासमोर बसून राहिलो. पाणबुड्या गुडघ्यात झुकून पुढं कलला होता. मी त्याला सरळ केला, तो पुन्हा कलला. वडील सापडले म्हणून माणसाला आनंद व्हायला हवा. झाला नाही असं नाही. पण त्याच फोनमध्ये दादा गेला होता. ज्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं म्हणत होतो की आम्ही भाऊ आहोत, ती गोष्ट त्याची नव्हतीच. त्याच्याकडं माझी म्हणून काय आठवण असेल, याचा मी विचार करायला लागलो. जिन्यावरून पाहिलेला एक पोरगा, दुसऱ्याच्या पायांवर बसलेला.

आणखी एक गोष्ट झाली, ती मला अजून समजलेली नाही. मी त्या आठवणीत बाबांना बसवून पाहिलं. डोळे मिटून, मालकांचं ते दार, आतला टीव्ही, पाठीला लागणारे गुडघे. वर पाहिलं की दादाच दिसतो. पंधरा वर्षांचा, ओठांवर कोवळी लव असलेला. बाबांचा आमच्याकडं एकच फोटो आहे, मिलच्या एका समारंभातल्या घोळक्यातून मोठा करून घेतलेला. केस तेलानं चापून बसवलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तो चेहरा तिथं लागत नाही. खरं काय ते कळलंय, पण आठवण ऐकत नाही.

पुढच्या रविवारी मी व्हिडिओ केला नाही. स्कूटर काढून छत्रीबागेत गेलो. आमचं घर तिथं नाही हे मला माहीतच होतं. त्या जागी तीन मजल्यांची इमारत झाली आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. मी दुकानासमोर थांबलो. मालकाचं दार साधारण कुठं असेल याचा अंदाज घेत होतो. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "क्या निकालना है अंकल?" माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी पाकिटातून गाडीचं लायसन्स काढलं आणि त्याची प्रत करून घेतली. मग घरी आलो.

पुण्याच्या माणसानं विचारलं, "या आठवड्यात काही नाही का?" मी लिहिलं, "तब्येत बरी नाही." त्यानं लिहिलं, "काळजी घ्या." ते वाचून मला इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

व्हिडिओ मी काढला नाही. खाली एक ओळ टाकली : "यात एक चूक आहे. तो पाणबुड्या माझ्या वडलांनी केला होता." ते वाचून कुणी काही विचारलं नाही.

थंडीत दादा आला. एकटाच. कळवलं ते असं : "शुक्रवारी येतो, दोन दिवस." आई गेल्यानंतर तो पहिल्यांदाच येत होता. मी आईच्या खोलीतला पाट, डबे, कागद सगळं आवरून त्याचा बिछाना तिथं घातला. तो आला, बूट काढले, आणि इकडंतिकडं पाहत उभा राहिला, दवाखान्यात कुणाला बघायला आल्यासारखा. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी फोनवर ज्याच्याशी बोलतो त्याचे केस माझ्या मनात काळेच होते.

पहिला दिवस जड गेला. आम्ही एकमेकांना पाणी विचारत होतो. त्याचं मराठी माझ्याहून वाईट झालं होतं. "मी तिकडं जाते वेळी," असं काहीतरी बोलायचा आणि स्वतःच हसायचा. संध्याकाळी त्यानं कपाटातून पाणबुड्या काढला, गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाला, "सच में ढीला है." मग दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

"बाबांना हे दाखवायला हवं होतं," तो म्हणाला.

"त्यांना आवडायचं का ते? की माझ्यासाठी यायचे?"

दादा हसला. "तुझ्यासाठी? अरे, त्यांनाच बघायचं असायचं. मोठा माणूस रविवारी सकाळी दुसऱ्याच्या दारात कार्टून बघायला कसा जाणार? तुला बरोबर न्यायचे. तू तर कधी कधी झोपलेला असायचास, उचलून न्यायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या खात्यातला एक माणूस आला होता. तो रडत रडत सांगत होता की आता सोमवारी आम्हाला गोष्ट कोण सांगणार. डबा खाताना बाबा अख्खं कार्टून सांगायचे म्हणे, सगळ्या आवाजांसकट. घरी तर ते धड बोलायचे पण नाहीत."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला आणखी विचारत राहिलो आणि तो आठवून आठवून सांगत राहिला. बाबांना तिखट सोसायचं नाही, सेव खाल्ली की शिंका यायच्या. शिवलेल्या कपड्यांचे टाके मोजायचे, शिंप्याशी वाद घालायचे. तारेचं काम सुरेख करायचे. आईच्या कानातल्याचा फासाही त्यांनीच वळवून दिला होता. मी ऐकत होतो. परक्या माणसाची हकिकत ऐकावी तसं वाटत होतं, आणि तरी एक शब्द सुटू नये असंही वाटत होतं. पण एका जागी येऊन दादाचं संपलं. "बस, एवढंच रे," तो म्हणाला. "मला पण जास्त नाही माहीत. मी बाहेरच असायचो."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यानं विचारलं, "तू असा एकटा कसा राहतोस?"

"राहतो," मी म्हणालो.

"तिकडं ये ना चार दिवस."

"येतो की."

दोघांनाही माहीत होतं की मी जाणार नाही. वहिनी चांगली आहे, पण मुलगा परीक्षेत असतो, घर लहान आहे, आणि मी तिथं दिवसभर काय करणार. दादानं आग्रह केला नाही. ताट मात्र त्यानं स्वतः घासलं, माझंही. मी नको म्हणत होतो तर म्हणाला, "चुप बैठ." हे तो आईच्या आवाजात म्हणाला, आणि मी ताटं पुसायला फडकं घेतलं.

रविवारी दुपारच्या गाडीनं तो गेला. डब्यात सामान ठेवून तो पुन्हा खाली उतरला आणि आम्ही फलाटावर उभे राहिलो. गाडी सुटायला वेळ होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, कुणी बघतंय का असं इकडंतिकडं पाहिलं, आणि काढून घेतला. "व्हिडिओ करत जा," तो म्हणाला. "मी बघतो. उत्तर नाही देत, पण बघतो."

"बरं."

"मराठी ऐकायला मिळतं," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

मी चालतच सोसायटीत आलो. फाटकाशी आमचा गार्ड खुर्ची उन्हात ओढून बसला होता. रोज मला सलाम करतो, पण आम्ही कधी बोललेलो नाही.

"मेहमान चले गए साहब?" त्यानं विचारलं.

"हाँ. भाई थे मेरे. बड़े."

"अच्छा?" तो म्हणाला. "हमको तो लगा आपका कोई है ही नहीं."

मी म्हणालो, "है ना," आणि लिफ्टचं बटण दाबून उभा राहिलो. ती वरून यायला वेळ लागत होता.